दहा हजार गेम्सची स्टिक: पावसाळाभर खेळून झाल्यावर

टीव्हीला लावून जुने व्हिडिओ गेम खेळायची, पेनड्राइव्हपेक्षा थोडी मोठी काळी स्टिक, दोन वायरलेस पॅड, आत मेमरी कार्ड आणि खोक्यावर ठळक अक्षरांत 'दहा हजारांहून जास्त गेम्स'. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळते. बनवणाऱ्याचं नाव शोधूनही सापडत नाही, आणि हीच वस्तू वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. हातात आल्या दिवशीच पाच तारे देऊन मोकळे झालेले बरेच दिसले, म्हणून मी लिहायला मुद्दाम थांबलो. जूनमध्ये घेतली, आता दिवाळी तोंडावर आलीय.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. फायली मोजल्या तर दहा हजार भरतीलही. पण एकच मारिओ जपानी, अमेरिकन आणि युरोपीय अशा तीन रूपांत आहे, शिवाय कुणीतरी टोपीचा रंग बदलून केलेला चौथा. ज्यांनी नव्वदच्या दशकात 'मीडिया' किंवा 'लिटल मास्टर'सारख्या घरच्या गेम मशिनीत '९९९९ इन १'ची कॅसेट खुपसली आहे, त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही. तेव्हाही यादी संपता संपायची नाही आणि आत गेम असायचे मोजकेच. तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा मारिओ नवीन नंबर घेऊन बसलेला असायचा. या स्टिकवर मला खेळण्याजोगे दीड-दोनशे निघाले. तेवढे पुष्कळ झाले.

त्या जुन्या मशिनी म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या घरगुती गेम कन्सोलच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आला. तिथले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवणारे, आपले पाल पद्धतीचे, ५० चित्रांचे. त्या काळचे गेम सगळा हिशेब चित्रांवर करत: एका चित्राला मारिओ इतका सरकणार, गाण्याचा सूर इतक्या चित्रांनी बदलणार. त्यामुळे पालसाठी बनलेल्या नकलेवर तोच गेम साधारण सहाव्या हिश्शाने संथ चालायचा, गाण्यासकट. स्टिक मात्र ६०च्या गतीने चालवते. पहिल्या आठवड्यात मला मारिओ सारखा घाईत वाटत होता, आणि माझं वय झालं असं घरच्यांनी जाहीर करून टाकलं होतं. ज्यांच्या आठवणीतला मारिओ जरा निवांत आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता मुख्य तक्रार. बटण दाबल्यापासून पडद्यावर काही घडेपर्यंत वेळ जातो. भाचा दहा वर्षांचा आहे, जुनं मशीन त्याने कधी पाहिलेलं नाही, तरी दुसऱ्याच दिवशी ओरडला, "मामा, मी आधीच दाबलं होतं!" मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बोट आणि पडदा एकत्र धरून पाहिलं, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उशीर होत होता. एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं धरलं तर पाच-सहा चित्रं हातातून निसटली. यात दोष एकाचा नाही. वायरलेस पॅड थोडा वेळ घेतो, जुन्या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर थोडा घेतं, आणि सगळ्यात जास्त खातो तो टीव्ही, कारण चित्र गुळगुळीत करण्याचे त्याचे उद्योग चालू असतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावा. माझ्याकडे उशीर निम्म्यावर आला. खोक्यातल्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

उशीर किती छळतो ते गेमवर ठरतं. बुद्धिबळात कळणारही नाही. पॅकमॅनमध्ये कळतो. नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी १९८०मध्ये केलेला हा गेम वरवर बाळबोध वाटतो, पण त्यात एक बारकावा आहे: वळण यायच्या किंचित आधी दिशा दाबली तर पॅकमॅन कोपरा कापून जातो, भुतांना मात्र तसं करता येत नाही. पाठलागातून सुटायची अर्धी कला त्या दोन-चार पिक्सेलांत आहे. उशीर झाला की ती कला गेली, मग उरतं नुसतं पळणं. मी पॅकमॅन आता खेळत नाही.

स्पेस इनव्हेडर्स मात्र अजूनही झकास. १९७८चा, ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांचा. शत्रू कमी होत जातात तसे ते वेगाने येतात, ही त्यातली जीव टांगणीला लावणारी गंमत मुळात कुणी आखलेली नव्हती. त्यातल्या इंटेल ८०८० चिपला सगळी फौज रंगवताना धाप लागायची. फौज घटली की काम हलकं आणि चाल जलद. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. स्टिकमध्ये त्या चिपपेक्षा कितीतरी पटींनी ताकद आहे, पण सॉफ्टवेअर जुन्या चिपची धापसुद्धा मोजून काढतं. म्हणून शेवटचा शत्रू आजही तसाच सुसाट येतो.

अटारी २६००चा फोल्डर उघडा आणि बंद करा. १९७७चं हे यंत्र १२८ बाइट रॅमवर चालायचं. अख्खं चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे प्रोग्रॅम टीव्हीत ओळीओळीने चित्र रंगवणाऱ्या किरणाबरोबर धावत एकेक ओळ तयार करायचा. त्यातून काय काय काढलंय हे पाहून थक्क व्हायला होतं, पण ते पाहण्यापुरतंच. फळीने चेंडू टोलवायच्या ब्रेकआउटसारख्या गेमला गोल फिरवायचा पॅडल लागतो, आणि इथल्या अधिक चिन्हाच्या बटणावर फळी एकतर जागची हलत नाही, नाहीतर भिंतीला जाऊन आपटते.

आता ज्यासाठी मी पैसे मोजले तो गेम: मुस्तफा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ते नाव कुणाच्या तोंडी ऐकलं नाही. पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफा कैरोवरून सगळा गेमच 'मुस्तफा' झाला. कॅपकॉमने तो १९९३मध्ये काढला; मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिक्सवर बेतलेला, जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस अशी चौकडी, आठ लेव्हल. हा गेम घरच्या कन्सोलवर अधिकृतपणे कधी आलाच नाही. सेगा सीडी या कन्सोलवर याच कॉमिक्सचा एक गेम आहे, पण तो गाडी चालवत गोळ्या झाडण्याचा, वेगळाच. कॅपकॉमने २०१८मध्ये आपल्या सात जुन्या मारामारीच्या गेम्सचा संच विकायला काढला, त्यात कॅप्टन कमांडो आहे, नाइट्स ऑफ द राउंड आहे, मुस्तफा नाही. म्हणजे विकत घ्यायचा म्हटलं तरी दुकान नाही. स्टिकवरचे गेम चोरीचे आहेत, ज्यांनी ते बनवले त्यांना यातला रुपयाही जात नाही, हे मला माहीत आहे. ज्यांना ते खटकतं त्यांनी घेऊ नये, त्यात काही चूक नाही. कॅपकॉम आणि नामकोचे बरेच जुने गेम आता पीसीवर किंवा चालू कन्सोलवर रीतसर मिळतात, तिथे मीही पैसे देतो.

मुस्तफा स्टिकवर चांगला चालतो. मारामारीचा गेम असल्याने थोडा उशीर खपतो, आवाज नीट आहे, तिसऱ्या लेव्हलला कॅडिलॅकमधून गुंडांना उडवत जाण्याची मजा शाबूत आहे. अडचण वेगळीच. 'सिलेक्ट' दाबलं की फुकट कॉइन पडतं. हे गेम रचलेच होते खिसा रिकामा करायला: बॉस अचानक उडी मारून अर्धं आयुष्य खातो, पडद्यावर दहापासून उलटे आकडे सुरू होतात, आणि आपण खिशात रुपया चाचपतो. रुपयाच नसेल तर तो बॉस निव्वळ कंटाळा आहे. आम्ही पहिल्यांदा खेळलो तेव्हा तासाभरात गेम संपला आणि कुणाला काही वाटलंही नाही. आता घरात नियम आहे, माणशी तीन कॉइन. तेव्हापासून भाचा हाणामाऱ्या सोडून आधी जमिनीवरचं खाणं वाचवून ठेवायला शिकलाय.

चित्राबद्दल दोन गोष्टी. आल्या आल्या स्टिक सगळं आडवं ताणून दाखवते, मारिओ बुटका आणि जाडा दिसतो. मेनूत जाऊन चित्राचं प्रमाण ४:३ करा. दुसरं, घरात जुना डबा टीव्ही चालू असेल तर भंगारात देऊ नका. एचडीएमआयचं जुन्या टीव्हीच्या एव्ही जोडणीत रूपांतर करणारी डबी काही शे रुपयांत मिळते. १९९१चा सोनिक हा गेम त्यावर लावून पाहिला. एलईडीवर त्यातला धबधबा म्हणजे उभ्या पट्ट्यांचं कुंपण दिसतं, कारण काढणाऱ्यांनी एक आड एक रेघ रंगवून ठेवली आहे. जुन्या टीव्हीच्या धूसर चित्र देणाऱ्या एव्ही तारेवर त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक होतं. चित्रकारांनी टीव्हीचा दोष हिशेबात धरून काम केलं होतं. डबीमुळे उशीर मात्र जात नाही, आणि डक हंट या नेमबाजीच्या गेमची बंदूक तर कशावरच चालणार नाही. घोडा ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवायचा, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड नेमक्या त्या क्षणी शोधायचा. चौकोन उशिरा आला की सगळे नेम चुकलेले.

टिकाऊपणा यथातथा. टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेतली तर मधेच बंद पडते, मोबाइलचा चार्जर लावल्यावर ही कटकट थांबली. सोबतचं मेमरी कार्ड गणपतीच्या सुमारास मेलं. त्याची प्रत आधीच कॉम्प्युटरवर काढलेली होती, ती चांगल्या कंपनीच्या कार्डावर चढवली आणि तेव्हापासून त्रास नाही. तुम्हीही खोकं उघडल्यावर पहिलं काम हेच करा. पॅडना प्रत्येकी दोन छोटे सेल लागतात, रिचार्जेबल घेतलेले बरे. एका पॅडचं 'ए' बटण आता जोरात दाबावं लागतं.

पॅड दोनच चालतात, तिसरा जोडायची सोय नाही. मुस्तफा पार्लरमध्ये तिघांचा गेम होता. बहीण आली की आम्ही तिघं होतो, तेव्हा ज्याचे कॉइन आधी संपतील त्याने पॅड द्यायचा असं ठरलंय. त्यावरून होणारी भांडणं मोजली, तर स्टिकचे पैसे वसूल.