दुःख की शोक?

सांत्वनाचा संदेश लिहिताना एकीचा हात थांबला: ‘दुःख झालं’ लिहू की ‘शोक’? दोन्ही संस्कृतातूनच आलेले, पण कुळी वेगळी.

आधी उगम. ‘शोक’ हा ‘शुच्’ धातूपासून. या धातूचा मूळ अर्थ जळणं, तळपणं. ‘शुचि’ म्हणजे स्वच्छ, हा शब्दही त्याच घरचा. शोकाने माणूस ‘होरपळतो’ असं आपण आजही म्हणतो, ते उगाच नाही. ‘दुःख’बद्दल मात्र एकमत नाही. प्रचलित व्युत्पत्ती ‘दुस्’ अधिक ‘ख’. ख म्हणजे भोक, चाकाच्या तुंब्यातलं (चाकाच्या मधोमध, आस बसतो ते). ते नीट नसेल तर गाडी खडखडत चालते, नीट असेल तर ‘सुख’. काहींच्या मते मूळ शब्द ‘दुःस्थ’, म्हणजे वाईट स्थितीतला. मला चाक जास्त पटतं, पण तो आवडीचा भाग झाला.

आवाका पाहिला तर दुःख अफाट. बुद्धाचं पहिलं आर्यसत्य तेच, आणि आपली दाढ दुखते तेही त्यातूनच (तिथे विसर्ग गळतो). शोकाला बहुधा कुणीतरी गमावलेलं लागतं. नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, शोक आहे, दुःख नव्हे.

वापरात दुःख ‘होतं’, शोक ‘करतात’. म्हणूनच शोकसभा, शोकप्रस्ताव. अपवाद ‘दुखवटा’, तिथे दुःखानेच बाजी मारली.

तेव्हा जवळच्या माणसाला लिहायचं तर ‘ऐकून फार दुःख झालं’. संस्थेच्या ठरावात ‘शोक’. निकाल हुकला, मैत्री तुटली, तर शोक लिहू नका. वाचणारा आधी कोण गेलं ते विचारेल.