गूगल सर्च कन्सोल: छोट्या स्पेशल दुकानासाठी बरेच महिने वापरल्यावर

आमच्या दुकानात फक्त फाउंटन पेनं, शाई, निबा आणि पेनांचे सुटे पार्ट मिळतात, दुसरं काही नाही. साइट पहिल्यापासून होती, पण सर्चमधून येणारे लोक अगदी कमी, आणि जे यायचे ते दुकानाचं नाव टाइप करून, म्हणजे आधीचेच ओळखीचे. मग साइट सुधारायची जबाबदारी माझ्याकडे आली आणि तेव्हापासून दर आठवड्याला सर्च कन्सोल (आपली साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल) उघडून बसते, त्यात जे दिसतं त्यावरून पेजेस बदलते. फुकट आहे, तरी ज्यांना खरी गरज आहे असे कितीतरी छोटे दुकानदार ते उघडतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सेटअप सोपा आहे. डीएनएसमध्ये (डोमेन नावाच्या सेटिंगमध्ये) गूगलने दिलेली ओळ टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून टाकायची, साइटमॅप (साइटवरच्या पेजेसची यादी) सबमिट करायचा, झालं. साइट जोडताना डोमेन प्रॉपर्टी हाच प्रकार घ्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याच्याशिवाय, दोन्हीकडचा डेटा एकत्र दिसतो. परफॉर्मन्सचा डेटा 16 महिन्यांपुरताच राहतो, त्यामुळे ज्यांचा धंदा सीझनवर आहे त्यांनी आजच जोडून टाका आणि महिन्याला एकदा एक्सपोर्ट करून शीटमध्ये ठेवत जा.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे क्वेरीची, म्हणजे लोक गूगलवर जे शब्द टाइप करतात त्यांची, यादी. आमच्या प्रॉडक्टची नावं कंपनीच्या कोडमध्ये होती, मॉडेल नंबर, रंगाचा कोड वगैरे, आणि लोक टाइप काय करतात तर "पेन बंद होतं शाई सुकली", "कागदाच्या मागे शाई उमटते", "या पेनला कोणता कन्व्हर्टर बसतो". हे वाचताना गिऱ्हाईक समोर उभं राहून विचारतंय असं वाटतं. मी फिल्टर असा लावते की इम्प्रेशन (सर्चमध्ये किती वेळा दिसलो) भरपूर, क्लिक जवळपास नाहीत आणि पोझिशन साधारण 8 ते 20 च्या मध्ये. याचा अर्थ गूगल आपलं पेज दाखवतंय पण वरच्या ओळीत नाही, किंवा टायटल वाचून कुणाला क्लिक करावंसं वाटत नाही. छोट्या दुकानाने हात घालावा तो इथेच, कारण अर्धं काम आधीच झालेलं असतं.

कन्व्हर्टरचंच सांगते, म्हणजे बाटलीतली शाई ओढून घ्यायला पेनात बसवायची छोटी नळी. बऱ्याच पेनांना स्टँडर्ड इंटरनॅशनल कन्व्हर्टर चालतो, पण पार्कर, लामी, पायलट, प्लॅटिनम, सेलर यांचं माप आपापलं, एकाचा दुसऱ्यात सहसा बसत नाही. आमच्या पेजवर नुसतं "कन्व्हर्टर" आणि एक फोटो. मग एक वेगळं पेज केलं, दुकानातलं प्रत्येक पेन उघडून कन्व्हर्टर लावून बघितला, तोंडाशी पट्टी ठेवून फोटो काढले, आणि कोणत्या पेनाला कोणता बसतो याचा साधा तक्ता टाकला. प्रत्येक पेनाच्या पेजवरून "याला बसणारा कन्व्हर्टर" अशी लिंक आणि तिथून परत पेनाकडे. पहिले काही आठवडे काहीच हललं नाही, मग हळूहळू ते पेज वर सरकायला लागलं, आणि आता दुकानाचं नावही माहीत नसलेले लोक सगळ्यात जास्त त्याच पेजवरून येतात. वर चुकीचा पार्ट मागवून परत पाठवणंही कमी झालं, जे कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही पण आमच्यासाठी त्याची किंमत मोठी आहे.

शाईचंही तसंच. कंपनीने दिलेलं वर्णन शंभर दुकानांत जसंच्या तसं असतं, ते वाचून गूगलने आपल्यालाच का दाखवावं? आम्ही प्रत्येक शाई एकाच कागदावर, एकाच उजेडात लिहून फोटो काढले, सुकायला किती वेळ लागतो, पातळ कागदावर पसरते का, पाण्याने पुसते का हे स्वतः बघून लिहिलं. वेळखाऊ आहे, पण हे काम दुसरं कोणी तुमच्यासाठी करू शकत नाही आणि स्पेशल दुकानाची ताकद तीच आहे.

इंडेक्सिंगचा, म्हणजे गूगलने कोणती पेजेस सर्चसाठी आत घेतली याचा, रिपोर्ट पहिल्यांदा उघडला की धडकी भरते, इंडेक्स न झालेल्या पेजेसचा आकडा भलामोठा दिसतो. त्यातली बहुतेक फिल्टरची पिल्लं असतात: रंग, निबची जाडी, किंमत यांची प्रत्येक जुळणी म्हणजे एक नवीन यूआरएल. ती इंडेक्स नाहीत तेच बरं. लक्ष द्यायचं ते "क्रॉल केलं पण सध्या इंडेक्स नाही" (गूगलने वाचलं, पण आत घेतलं नाही) या यादीत आपली खरी पेजेस अडकलीत का याकडे. आमच्याकडे एकाच पेनाची प्रत्येक निबसाठी वेगळी पेजेस होती, मजकूर तोच; ती एकत्र करून एकाच पेजवर निब निवडायची सोय केली तर ते पेज व्यवस्थित आत आलं. आणखी एक, रोबोट्स फाइलमध्ये (गूगलने कुठे जायचं नाही हे सांगणारी फाइल) ब्लॉक केलेल्या पेजवर नोइंडेक्स (हे पेज सर्चमध्ये घेऊ नका अशी खूण) लावून उपयोग नाही, गूगल ते पेज वाचूच शकत नाही तर नोइंडेक्स दिसणार कसं. माल संपला म्हणून पेज उडवू नका, आउट ऑफ स्टॉक दाखवा आणि जवळचा पर्याय द्या. मॉडेल कायमचं बंद झालं तरच 301 (जुन्या पत्त्यावरून कायमचं दुसऱ्या पेजवर पाठवणं) लावा, तेही जवळच्या पेजवर, सरसकट होमपेजवर नको.

डिझाइनबद्दल थोडं. कोअर वेब व्हायटल्सची, म्हणजे पेज वापरायला किती सोपं-वेगवान आहे याची गूगलची, मापं ठरलेली आहेत: मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसावा, टॅपला 200 मिलीसेकंदांत प्रतिसाद, आणि पान हलण्याचा स्कोअर 0.1 च्या आत. पण हा रिपोर्ट क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या डेटावर चालतो, छोट्या साइटला तेवढे व्हिजिटर नसले तर तो रिकामाच राहतो, तेव्हा पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या टूलची लॅब टेस्ट (खऱ्या लोकांशिवाय केलेली चाचणी) वापरावी लागते. होमपेजवरचा फिरता स्लायडर काढला, एकच फोटो ठेवला, वरच्या फोटोचं लेझी लोडिंग (फोटो उशिरा, गरज लागेल तेव्हाच उघडणं) बंद केलं, सगळ्या फोटोंना रुंदी-उंची दिली, एवढ्यात फोनवर फरक डोळ्यांना दिसला. 100 स्कोअरच्या मागे लागायला मला तरी वेळ घालवावासा वाटत नाही, तोच वेळ शाईच्या पेजला द्यावा.

मर्यादाही सांगते. स्क्रीनवर 1000 ओळीच दिसतात, फार कमी लोकांनी टाइप केलेले शब्द प्रायव्हसीसाठी लपवलेले असतात, आणि आमच्यासारख्या दुकानाच्या बऱ्याच क्वेरी तशाच, त्यामुळे बेरीज कधी जुळत नाही. पक्का डेटा यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. अ‍ॅव्हरेज पोझिशनवर फार विसंबू नका, नवीन शब्दांवर खाली कुठेतरी दिसायला लागलो की सरासरी पडते, खरं तर ती चांगली बातमी असते. विक्री इथे दिसत नाही, ती ऑर्डरशी ताडून बघायची.

मधे एका एजन्सीने पहिल्या पानाची गॅरंटी देत पॅकेज विकायचा प्रयत्न केला, त्यात मेटा कीवर्ड (पेजच्या कोडमध्ये लपवून लिहिलेली शब्दांची यादी) भरून देणं हे मोठं कलम होतं. गूगल रँकिंगसाठी मेटा कीवर्ड वापरत नाही हे त्यांनी स्वतः 2009 मध्येच जाहीर केलंय. असं कोणी आलं तर आधी त्यांना तुमच्या क्वेरीची यादी दाखवा आणि यातल्या कोणत्या शब्दावर काय कराल ते विचारा.

सध्या निबच्या जाडीचं पेज करतेय. जपानी कंपन्यांची फाइन साधारणपणे युरोपियन फाइनपेक्षा बारीक लिहिते, आणि "फाइन घेऊ की मीडियम" हा प्रश्न यादीत सारखा वर येतोय पण त्यावर दाखवायला आमच्याकडे धड पेज नाही. त्यामुळे दुकानातल्या सगळ्या निबांनी एकच ओळ लिहून स्कॅन करायचं काम चालू आहे.