थ्रोम्बसचं वरचं टोक शोधायला सीटी की एमआरआय?

मूत्रपिंडाच्या कॅन्सरची गाठ शिरेत घुसली आहे, एवढं दोन्ही तपासण्यांत दिसतं. शिरेत घुसलेल्या या भागालाच थ्रोम्बस म्हणतात. रीनल व्हेन, म्हणजे मूत्रपिंडाची शीर, फुगलेली, आत कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्त उजळ दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) न भरलेली जागा. थ्रोम्बस स्वतःच कॉन्ट्रास्ट घेऊन उजळला, तर ती नुसती रक्ताची गुठळी नाही, गाठच. खरा प्रश्न आयव्हीसीत, म्हणजे पोटातून हृदयाकडं रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत, तिचं वरचं टोक कुठवर पोचलंय हा. यकृताच्या शिरांच्या खाली असेल तर एक ऑपरेशन. डायफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या, वर गेलं तर हार्ट सर्जनही लागतात, बायपास मशीनही लागू शकतं.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पण ही निवड मला माझ्या मामांसाठी करावी लागली. त्यांचा सीटी बाहेर एका सेंटरला झालेला. रिपोर्टात लिहिलं होतं, थ्रोम्बस यकृतापर्यंत. मामींना फोनवर बोलवेना. मामेभाऊ त्याच संध्याकाळी कात्रजहून कर्वे रस्त्यावर माझ्याकडे सीडी घेऊन आला. पाहतो तर स्कॅन फक्त सुरुवातीच्या फेजचा, म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर लगेच काढलेला. त्या वेळी मूत्रपिंडांकडून कॉन्ट्रास्टचं रक्त आयव्हीसीत येत असतं, पायांकडचं रक्त मात्र अजून कोरं. दोन्ही मिसळताना मधे काळपट पट्टा उमटतो, हुबेहूब थ्रोम्बससारखा. खरा थ्रोम्बस कुठं संपतो आणि हा पट्टा कुठं सुरू होतो, हे मला काही केल्या ठरवता येईना. तिथंच माझा सीटीवरचा भरवसा डळमळला.

एमआरआयमध्ये टोक रीनल व्हेनच्या तोंडापासून जेमतेम दीड सेंटिमीटर वर निघालं. म्हणजे लेव्हल एक, आयव्हीसीत शिरलेल्या थ्रोम्बसची सगळ्यात खालची पातळी.

सीटीवर अन्याय नको. साधारण ९०-१०० सेकंदांनंतरची फेज घेतली तर हा घोळ बराच टळतो, शिवाय फुप्फुसंही त्याच फेरीत पाहून होतात. एमआरआयला वेळ लागतो, श्वास पुन्हापुन्हा रोखावा लागतो. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून टेक्निशियननं आधी बाहेर बसवून त्यांच्याकडून सराव करून घेतला. सोनोग्राफी मात्र पोटातल्या गॅसपुढं हात टेकते.

तरी टोकाबद्दल किंवा शिरेच्या भिंतीबद्दल शंका असेल, तर मी एमआरआयच सांगेन. भिंतीत गाठ शिरली असेल तर तेवढी शीरही कापावी लागते, आणि हे सर्जनला आधी कळलेलं बरं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल, तर कॉन्ट्रास्टशिवायही एमआरआयमध्ये बरंच दिसतं. काहीही निवडा, स्कॅन ऑपरेशनच्या जवळचा असू द्या. थ्रोम्बस वर सरकत राहतो.

मामांचं ऑपरेशन एमआरआयनंतर नवव्या दिवशी झालं. टोक दाखवलं होतं तिथंच सापडलं.