कॉलेज फुटबॉल २५: बचाव रचणाऱ्यांसाठी

ईए स्पोर्ट्‌सचा ‘कॉलेज फुटबॉल २५’ हा अमेरिकन फुटबॉलचा (चेंडू हाताने फेकत किंवा हातात घेऊन धावत खेळायच्या खेळाचा) व्हिडिओ गेम १९ जुलै २०२४ रोजी बाजारात आला. त्यात अमेरिकी महाविद्यालयांचे १३४ संघ असले, तरी येथे विचार केला आहे तो केवळ स्प्रेड आक्रमणापुढील बचावाचा. दांडिया बाजारातील आमचा मित्रमंडळींचा गट हा गेम नेमाने खेळतो. क्रिकेटच्या क्षेत्ररचनेवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या बडोदेकरांना त्याची गोडी लागावी, यात नवल नाही.

स्प्रेड खेळणारा संघ चार रिसीव्हर (पास झेलणारे) मैदानभर पसरवतो आणि मधोमध पाच लाइनमन (अडवणारे), रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) व क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार) एवढेच ठेवतो. त्याविरुद्ध ४-२-५ रचना (पुढे चार लाइनमन, त्यांच्यामागे दोन लाइनबॅकर आणि पासवर नजर ठेवणारे पाच बचावपटू) निवडली, तर मध्यभागी आपले सहा जण उभे राहतात. क्वार्टरबॅक स्वतः धावणारा नसेल, तर ते पुरतात. तो धावणारा असेल, तर मात्र आक्रमक संघ कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम न अडवता मोकळे सोडतो, आणि तो बचावपटू रनिंग बॅककडे झेपावताच क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून त्याच जागेतून निसटतो. हे रोखण्यासाठी एका सेफ्टीला (सर्वांत मागे राहणाऱ्या बचावपटूला) पुढे आणावे, तर मागे चार रिसीव्हरांसाठी चारच खेळाडू उरतात. डाइममध्ये (पासवर नजर ठेवणारे सहा बचावपटू असलेल्या रचनेत) तर मधला भाग आणखी विरळ होतो. त्यामुळे धावऱ्या क्वार्टरबॅकसमोर ती रचना मी टाळतो. मला ३-३-५ अधिक भावते, कारण तीन लाइनबॅकरांपैकी चढाई कोण करणार, हे चेंडू सुटेपर्यंत झाकलेले राहते.

गेमची खरी थोरवी मैदानाच्या मापात आहे. महाविद्यालयीन मैदान १६० फूट रुंद असून त्यावरील हॅश खुणांच्या दोन रांगांमध्ये (प्रत्येक चाल यांच्यावरून किंवा यांच्या दरम्यानच सुरू होते) ४० फुटांचे अंतर असते. व्यावसायिक मैदानावर ते साडेअठरा फूटच असते. साहजिकच चेंडू एका खुणेवर असला, की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट जागा राहते. निकेल बॅक (पासवर नजर ठेवणारा पाचवा बचावपटू) त्या रुंद बाजूला उभा केला नाही, तर तिकडे फेकलेला साधा आखूड पासही महागात पडतो.

हा गेम पीसीवर चालत नाही. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स अथवा एस लागतो. ज्यांना केवळ टचडाउनचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात नेऊन गुण मिळवण्याचा) जल्लोष हवा आहे, त्यांनी मित्राकडे खेळून पाहावा. बचाव रचण्याची आवड असणाऱ्यांनी मात्र तो अवश्य विकत घ्यावा.