डिकीचे जुने गॅस स्ट्रट आणि शॉकअप: घरच्या वर्कशॉपसाठी घ्यावेत का?

गॅस स्ट्रट म्हणजे डिकीचं झाकण उचलून धरणारी, आत दाबाखाली गॅस भरलेली नळी आणि तिच्यातून आतबाहेर होणारी दांडी. शॉकअप म्हणजे गाडीच्या चाकाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आधी निकाल सांगतो. हॅचबॅक किंवा एसयूव्हीच्या डिकीचा चांगल्या अवस्थेतला जुना गॅस स्ट्रट 20 ते 30 किलोच्या झाकणासाठी उत्तम माल आहे, जरूर घ्या. साध्या प्लायच्या हलक्या झाकणाला मात्र तो लावू नका. बाइकचे आणि कारचे जुने शॉकअप बहुतेक लोक ज्या अपेक्षेने घेतात, ती ते पुरी करू शकत नाहीत. त्यांचा उपयोग मोजक्याच कामांना होतो. ऑफिसच्या खुर्चीचा सिलिंडर मिळाला तर डोळे झाकून उचला.

माल पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळतो, कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतो, आणि आपल्या गावातल्या भंगारवाल्याकडेही पडलेला असतो. ‘गॅस स्ट्रट’ म्हणून कळलं नाही तर ‘डिकीचा शॉकअप’ म्हणा. घेताना एकाच गाडीची जोडी घ्या आणि बॉलच्या पिना (गोल डोक्याच्या, ज्यांवर स्ट्रटचं टोक अडकतं) व त्यांच्या पट्ट्याही त्याच गाडीच्या मागून घ्या. स्ट्रटच्या टोकाचं सॉकेट, म्हणजे बॉल बसायची वाटी, बहुधा 10 मिमी बॉलचं असतं. बॉल सुटा शोधत बसलात तर स्ट्रटपेक्षा त्याचाच त्रास जास्त. सॉकेटमधली तारेची क्लिप हमखास हरवलेली असते, तीही पाहून घ्या.

पहिली तपासणी दांडीची. बोटाचं नख दांडीवरून पूर्ण लांबी फिरवा. नख कुठेही अडखळलं, गंजाचा बारीक खड्डा लागला, तर तो नग बाजूला ठेवा. प्रत्येक वेळी तो खड्डा सीलवरून, म्हणजे नळीच्या तोंडाशी गॅस अडवणाऱ्या रबरी कड्यावरून, जाणार आणि सील कापणार. सीलपाशी तेलाचा ओलसर कडा असेल तर गॅसही निघायला लागलेला आहे. कोरड्या धुळीने दांडी मळलेली असेल तर काळजी नाही. दांडी खाली करून लाकडी ठोकळ्यावर अंगाचा भार टाकून दाबा. चांगला स्ट्रट संथ दबतो, सोडल्यावर एका दमात पूर्ण बाहेर येतो आणि शेवटच्या थोड्या अंतरात मंद होतो. तो मंदपणा आतल्या तेलामुळे येतो. मध्येच थांबला किंवा शेवटी खाडकन आपटला तर घेऊ नका.

नळीवर 400N असं काही छापलेलं असतं. 400 न्यूटन म्हणजे सुमारे 41 किलोचा रेटा. हा आकडा नव्या स्ट्रटचा, 20 अंश तापमानातला आणि दांडी जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचा. जुन्याचा खरा आकडा घरी मोजता येतो. बाथरूमचा वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर उथळ भोक पाडलेला ठोकळा ठेवून काटा शून्यावर आणा, भोकात दांडी टेकवून स्ट्रट सरळ उभा करा. एक टोक भिंतीला बिजागरीने अडकवलेल्या फळीने वरून दाबा आणि मग सावकाश वर येऊ द्या. वर येतानाचा आकडा धरायचा. दाबताना सीलचं घर्षण मिसळतं, त्यामुळे तेव्हाचा आकडा फुगलेला दिसतो. 41 च्या जागी 30 आला तर पाव गॅस गेलेला आहे. स्ट्रट तरीही वापरता येतो, फक्त हिशोब 300 न्यूटनचा करा. जोडीतल्या दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर झाकण पिळवटेल, बिजागरी एका बाजूने घासेल.

आता हिशोब, कारण स्ट्रट वाया जातात ते इथे. समजा झाकणावर कटिंग मशीन बसवलं आहे, एकूण वजन 25 किलो, झाकण 600 मिमी खोल, आणि भाराचा मध्य बिजागरीपासून 300 मिमीवर. बंद अवस्थेत झाकण खाली ओढणारं आघूर्ण (बिजागरीभोवती फिरवणारा जोर: बल गुणिले अंतर) 25 × 9.8 × 0.3, म्हणजे 73.5 न्यूटन-मीटर. 400 चे दोन स्ट्रट लावले की छापील रेटा 800. पण झाकण बंद असताना स्ट्रट दबलेला असतो आणि आतला गॅस आक्रसल्याने रेटा साधारण 30 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 1040. बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर बंद अवस्थेत 65 मिमी ठेवलं तर वर उचलणारं आघूर्ण 67.6. झाकण आपल्या वजनाने बंद राहतं आणि समोरच्या कडेला जेमतेम एक किलोचा उचल दिला की निघतं. हवं तेच.

हेच लंब अंतर 80 मिमी झालं तर आघूर्ण 83 होतं आणि झाकण बंदच राहत नाही. पंधरा मिलिमीटरचा खेळ आहे सगळा. त्यात उन्हाळा. गॅसचा दाब दर 10 अंशांना सुमारे साडेतीन टक्के वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात शेडमध्ये 45 अंश असताना 67.6 चे 73.3 होतात, झाकण जेमतेम तोलावर राहतं, बाजूने कुणी धक्का दिला तरी वर येईल. म्हणून हिशोब कितीही चोख असला तरी पुढे एक कडी लावायचीच. पट्ट्या ठोकण्याआधी पुठ्ठ्यावर पूर्ण मापात बाजूचा आराखडा काढा, झाकणाची पट्टी टाचणीवर फिरवा आणि बंद, 30 अंश, 60 अंश, पूर्ण उघडं अशा चार जागी लंब अंतर फूटपट्टीने मोजा. स्ट्रटची दबलेली लांबी बंद अवस्थेतल्या अंतरापेक्षा 5 ते 10 मिमीने कमी हवी. नाहीतर झाकण बंद होण्याआधी स्ट्रट तळाला टेकतो आणि पिना वाकतात.

हाच स्ट्रट 18 मिमी प्लायच्या 1200 × 600 झाकणाला का नको? ते झाकण भरतं जेमतेम नऊ किलो, आघूर्ण साडेसव्वीस. 1040 न्यूटनचा रेटा त्यात बसवायला लंब अंतर 25 मिमीच्या आत आणावं लागतं. तिथे भोक दोन-तीन मिमी इकडेतिकडे गेलं तरी सगळा तोल बिघडतो. उघडल्यावर झाकण हनुवटीच्या दिशेने झेपावतं आणि बिजागरीचे स्क्रू प्लायमधून उपटून येतात. अशा झाकणाला किचनच्या कपाटाचे 100 न्यूटनचे दोन नवे स्ट्रट हार्डवेअरच्या दुकानातून आणा. जुन्याचा मोह इथे सोडा.

बसवताना झाकण बंद असताना दांडीचं टोक खाली असू द्या. आतलं थोडं तेल तेव्हा सीलवर राहतं आणि सील ओलं राहतं. उलटा लावलेला जुना स्ट्रट लवकर गळतो. पिनांना लाकडी स्क्रू पुरत नाहीत. आरपार बोल्ट आणि मागे 3 मिमीची लोखंडी पट्टी हवी. दोन्ही बॉल एकाच उभ्या पातळीत आहेत का ते दोऱ्याने तपासा, कारण तिरक्या भाराने सील एका बाजूला झिजतं. दांडीला व्हाइसमध्ये किंवा पक्कडीत धरू नका. जवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालणार असेल तर दांडीवर ओलं फडकं गुंडाळा. चिकटलेला एक ठिणगीचा कण सील फाडायला पुरतो. ग्रीस लावू नये, त्यावर लाकडाचा भुसा बसतो.

खुर्चीच्या सिलिंडरबद्दल थोडक्यात: खालचा ताऱ्यासारखा फाट्यांचा पाय आणि वरची लिव्हरची पट्टी यांच्यासकट घ्या. वर गोल प्लाय बोल्टने बसवला की उंची बदलणारं वर्कशॉप स्टूल तयार. पट्टीचा टेपर, म्हणजे निमुळता जोड, घट्ट बसलेला असतो. तो काढण्याच्या भानगडीत न पडता आहे तसाच वापरा.

आता शॉकअप. आतला हायड्रॉलिक डँपर (तेलाने हालचाल मंद करणारा भाग) वजन उचलत नाही, फक्त वेगाला विरोध करतो. झाकण वर धरून ठेवेल म्हणून कारचा मागचा शॉकअप लावणाऱ्याची निराशा ठरलेली. त्याचं काम पडणाऱ्या वस्तूचा वेग मारणं. तेही दिशेवर अवलंबून आहे: दांडी बाहेर ओढताना तो सहसा जास्त कडक असतो, आत ढकलताना मऊ. तेव्हा जड झाकण किंवा उताराची फळी खाली येताना दांडी बाहेर खेचली जाईल अशी जोडणी करा. उलट जोडलात तर फारसं काही जाणवणार नाही. अगदी सावकाश हालचालीला तो फारसा विरोध करत नाही, कारण तेल बारीक वाटेने निसटून जातं. म्हणून बिजागरीपासून लांब लावा, म्हणजे दांडीचा वेग वाढेल. दुहेरी नळीचा (नळीत नळी असलेला) शॉकअप नळी खाली, दांडी वर असा उभाच लावायचा. आडवा ठेवला की हवा आतल्या व्हॉल्व्हमध्ये शिरते आणि मधल्या मधे पोकळ झटका बसतो. घेताना उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढा-दाबा. त्यानंतरही दिशा बदलताना पोकळी लागली तर तेल कमी आहे.

बाइकच्या शॉकअपवरची स्प्रिंग मात्र तशीच राहू द्या. ती आधीच दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कंप्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराशिवाय) वरचा नट सोडला तर टोपी आणि नट थेट तोंडावर येतात. पायाने दाबायच्या पेडलला परत आणण्यासाठी अख्खा शॉकअप बसवा, टोकाच्या रबरी बुशच्या भोकात बसेल त्या मापाच्या बोल्टने.

गॅस स्ट्रट कापणं, भोक पाडणं, तापवणं, वेल्ड करणं पूर्ण वर्ज्य. 8 मिमी दांडीचं क्षेत्रफळ 50 चौरस मिमी, त्यावर 400 न्यूटन म्हणजे आत जवळजवळ 80 बार दाब. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच असतो. उचलत नाही म्हणजे रिकामा झाला असं समजून दांडीसाठी मेलेला स्ट्रट कापणारे लोक आहेत. छापील रेट्याच्या पाव भाग उरला असला तरी आत 20 बार आहे. असा नग कचऱ्यात किंवा शेकोटीजवळ टाकू नका. त्यावर खडूने ‘गॅस आहे’ असं लिहून भंगारवाल्याच्या हातात द्या आणि तोंडानेही सांगा, म्हणजे तो बाकीच्या लोखंडाबरोबर कटरखाली जाणार नाही.