कॉन्ट्रा की मेगा मॅन 2? आधी कोणता लावायचा

घरात दोन पॅड आणि खेळायला दोघं असतील, तर कॉन्ट्रा. एकट्यानेच बसायचं असेल आणि रोज थोडं थोडं पुढे सरकायची चिकाटी असेल, तर मेगा मॅन 2. दोन्ही जुने टीव्ही गेम, एकाच यंत्रावरचे आणि एकाच वर्षातले. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रावर कोनामीचा कॉन्ट्रा 1988 च्या फेब्रुवारीत आला, कॅपकॉमचा मेगा मॅन 2 त्याच डिसेंबरात, जपानात रॉकमॅन 2 या नावाने. दोन्हींत धावायचं, उडी मारायची, गोळी झाडायची. फरक पडतो तो चुकल्यानंतर, आणि निवड त्यावरूनच करावी.

कॉन्ट्रात एक गोळी लागली की गडी खलास. शक्तीची पट्टी वगैरे नाही. मेलेला गडी तिथल्या तिथे परत उभा राहतो, पण हातातली बंदूक गेलेली असते, आणि खरा मार तिथेच बसतो. 'एस' अक्षराची बंदूक एका दाबात पाच गोळ्या पंख्यासारख्या सोडते. ती हातात असेपर्यंत सगळं सोपं वाटतं. ती गेली की साध्या बंदुकीने त्याच गर्दीला तोंड द्यावं लागतं, म्हणून एक लाईफ गेली की पाठोपाठ दोन-तीन जातात. नवख्याला वाटतं, आपला हात बिघडला. हात तोच असतो, बंदूक गेलेली असते.

म्हणून पहिला नियम हा की 'एस' मिळाली की दुसऱ्या बंदुकीचं अक्षर समोर पडलं तरी त्याला चुकवून जायचं. 'एम' वाईट नाही, बटण दाबून धरलं की गोळ्या चालू राहतात, शिकणाऱ्याला बरी. 'एल' म्हणजे लेझर जोरदार आहे, पण घाईने पुन्हा बटण दाबलं की आधीचा किरण मध्येच तुटतो. 'एफ' गोल फिरत हळू जाते, ती मी तरी कुणाला घ्या म्हणणार नाही. 'आर'ने गोळ्यांचा वेग वाढतो, 'बी'ने थोडा वेळ काहीच लागत नाही. पाच बंदुकांतली एकच कामाची ठरावी, ही या खेळाची मोठी उणीव आहे.

पण आठ स्टेजची रचना बघा. पहिल्याच जंगलात पाय पडताच तुकड्या-तुकड्याने फुटत जाणारे पूल आहेत. तिथे थांबलात तर पाण्यात पडता, न थबकता पळत सुटायचं. पाण्यात खालचं बटण दाबून धरलं की गडी बुडी मारतो आणि गोळ्या डोक्यावरून जातात, फक्त बुडालेला असताना त्याला गोळी झाडता येत नाही. हे कुणी शिकवत नाही, खेळता खेळता कळतं. तिसरी स्टेज धबधब्याची. पडदा वर सरकतो आणि जोडीचा खरा कस इथे लागतो: वरचा पुढे गेला की खाली राहिलेला पडद्याच्या कडेखाली जाऊन मरतो. यावर तोडगा एकच. जो वर पोचला त्याने थांबायचं, खालच्याने 'आलो' म्हटल्यावरच पुढची उडी घ्यायची. मे महिन्याच्या सुट्टीत निपाणी-कोल्हापूरहून आलेली चुलत-मावस भावंडं टीव्हीपुढे बसली की निम्मी भांडणं याच स्टेजवर होतात, आणि तरी परत तीच लावतात. मेगा मॅनमध्ये ही गंमत मुळातच नाही, तो एकट्याचा खेळ आहे.

दुसऱ्या आणि चौथ्या स्टेजमधले बोगदे मात्र एकसुरी आहेत. भिंतीवरचे दिवे फोडायचे, पुढे जायचं, पुन्हा तेच. सातव्या स्टेजमध्ये वरून येणारे पंजे आणि जमिनीतून उगवणाऱ्या काटेरी भिंती पाठ केल्याशिवाय चुकवता येत नाहीत.

तीस लाईफचा जुना मंत्र शीर्षकाच्या पडद्यावर टाकायचा: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, स्टार्ट. दोघं असाल तर स्टार्टच्या आधी एकदा सिलेक्ट. पहिल्यांदा खेळणाऱ्याने तो बेलाशक वापरावा. दोन-तीन वेळा शेवट बघून झाला की सोडून द्यावा, कारण तीस लाईफ असताना धबधब्यावर सांभाळून चालायची गरजच उरत नाही.

मेगा मॅन 2 मध्ये 28 घरांची शक्तीची पट्टी आहे, त्यामुळे एखादा फटका खपून जातो (काट्यांवर पडलात तर नाही). सुरुवातीलाच आठ शत्रू समोर मांडलेले असतात, कुणाकडे आधी जायचं ते तुम्ही ठरवायचं. ज्याला हरवाल त्याचं हत्यार तुमचं. खेळाचा जीव या क्रमात आहे. क्रम चुकला तर तोच खेळ दुप्पट कठीण होतो.

सुरुवात मेटल मॅनपासून करा, तो साध्या गोळीनेही पडतो. त्याची चक्री आठही दिशांना फेकता येते आणि चार फेकींना त्या हत्याराच्या पट्टीचं एकच घर खर्च होतं. इतकं स्वस्त हत्यार दिल्यामुळे बाकीची बरीच हत्यारं पडून राहतात. कॉन्ट्रातल्या 'एस'सारखाच हा दोष, फक्त इथे मरून ते जात नाही. नंतर एअर मॅन. त्याच्याकडून आयटम 2 हे उडतं पाट मिळतं. हीट मॅनच्या स्टेजमध्ये दिसेनाशा होणाऱ्या विटांची लांब रांग आहे, तिच्यावरून या पाटावर बसून सरळ पार होता येतं. म्हणून एअर मॅन हीट मॅनच्या आधी घ्यायचा. फ्लॅश मॅनकडून वेळ थांबवणारं हत्यार मिळतं. ते क्विक मॅनच्या स्टेजमधल्या जीवघेण्या किरणांना थोपवतं, पण एकदा सुरू केलं की रिकामं होईपर्यंत थांबत नाही. किरणांवर वापरलं तर खुद्द क्विक मॅनसाठी उरणार नाही. त्याच्यासाठी क्रॅश मॅनचे बाँब ठेवा.

हेच बाँब पुढे फार महागात पडतात. आठही शत्रू हरवले की वायली या मुख्य खलनायकाचा किल्ला येतो. त्यात चौथ्या टप्प्याच्या शेवटी भिंतींवर पाच तोफा आहेत, मधे आडव्या भिंती आहेत, आणि तोफा फक्त या बाँबनेच फुटतात. भरलेल्या पट्टीत बाँब सात. पाच तोफांना पाच आणि वाटेतल्या भिंतींना दोन, म्हणजे एकही वाया घालवायची सोय नाही. मेलात तर हत्यार आपोआप भरत नाही. तोफांच्या आधी लागणाऱ्या शत्रूंना मारून भरत बसावं लागतं, किंवा सगळ्या लाईफ संपवून कंटिन्यू घ्यावा लागतो, तेव्हाच ते भरतं. इतक्या सुंदर खेळात हा एक तुकडा खरोखर अन्यायाचा आहे. गर्दी झाली की चित्र लुकलुकतं आणि खेळ मंदावतो, तेही या खेळात कॉन्ट्रापेक्षा जास्त.

आता आपल्याकडचा प्रश्न: करंट. खानापूर-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. कॉन्ट्रात पासवर्ड नाही, करंट गेला म्हणजे पहिल्या स्टेजपासून. पण रस्ता माहीत असेल तर तो अर्ध्या तासात संपतो, तेव्हा फारसं बिघडत नाही. मेगा मॅन 2 पाच बाय पाच चौकटीत नऊ ठिपक्यांचा पासवर्ड देतो. आठ ठिपके शत्रूंचे, एक जमवलेल्या ई-टँकचा (म्हणजे शक्तीची पट्टी भरणाऱ्या डब्यांचा). मोबाईलवर फोटो काढून ठेवा, हाताने उतरवताना एक ठिपका सरकला तरी पासवर्ड चालत नाही. एवढं लक्षात ठेवा की किल्ल्यातली प्रगती त्यात साठत नाही. पाचव्या टप्प्यात करंट गेला तर परत किल्ल्याच्या दारात. म्हणून किल्ला एका बैठकीत संपवायची तयारी असेल तेव्हाच सुरू करावा.

बेळगावच्या खडेबाजारात जुना टीव्ही गेम हाताला लागला तर घेण्याआधी कॅसेटची खाच बघा. फॅमिकॉमच्या धर्तीवरची यंत्रं 60 पिनांची असतात, अमेरिकन कॅसेट 72 पिनांची, ती थेट बसत नाही. '9999 इन 1' लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच मोजके खेळ फिरून फिरून येतात. मेगा मॅन 2 हवा असेल तर दुकानातच लावून बघा. यंत्र पाल या टीव्ही पद्धतीचं, म्हणजे सेकंदाला 50 चित्रांचं (50 हर्ट्झ) असेल तर 60 साठी बनवलेला खेळ सहाव्या हिश्शाने हळू चालतो आणि संगीतही मंदावतं. कॉन्ट्रा शिकायला ते सोयीचं, पण मेगा मॅन 2 चं संगीत हा त्याचा निम्मा आनंद आहे, आणि तोच मार खातो. पावसात पिनांवर काळपट थर चढून चित्र फाटलं तर कॅसेटमध्ये फुंकू नका, तोंडाची वाफ पिनांना आणखी खाते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

नव्या यंत्रावर खेळायचं असेल तर कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन (2019) आणि मेगा मॅन लेगसी कलेक्शन (2015) दोन्ही संगणकावर मिळतात, आणि दोन्हींत हवं तिथे सेव्ह करता येतं. मग करंटचा मुद्दा निकालात निघतो आणि किल्लाही दोन-तीन बैठकांत होतो. टीव्हीला जोडणार असाल तर त्याचा गेम मोड आधी चालू करा. तो बंद असला की बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते, आणि हीट मॅनच्या विटांवर तेवढा उशीर थेट खाली पाडतो.