जवळचा कार्डिओलॉजिस्ट की लांबचं स्पेशल सेंटर?

आधी नेहमीच्या आजारांचं बोलू. बीपी, ब्लॉकेज, अँजिओप्लास्टीनंतरचा फॉलोअप, ठोके वेडेवाकडे पडणं, पंपिंग कमी होणं, यातलं काही असेल तर माझ्या मते जवळचा डॉक्टरच बरा, मोठ्या नावामागे धावू नका. पंपिंग म्हणजे ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ४० टक्के किंवा त्याखाली गेलं की साधारण चार प्रकारच्या गोळ्या कमी डोसने सुरू करतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी बीपी, पोटॅशियम, किडनीचं क्रिएटिनिन बघत बघत वाढवतात, आता हे सहा महिन्यांनी भेटणारा डॉक्टर कितीही हुशार असला तरी कसं करणार? दोन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतोय, अशा वेळी फोन उचलणारं कोणीतरी लागतं.

दुर्मिळ आजारात मात्र हेच उलटं फिरतं, तिथे असे आजार नेहमी पाहणारं स्पेशल सेंटर बरं. आमच्या काकांच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची भिंत १७ मिमी आली होती, त्यावर "बीपीमुळे जाड झालीय" असं म्हणून चार वर्षं गोळ्या चालल्या, आणि गंमत म्हणजे बीपी कधी फार नव्हतंच. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, तुमचे वडील कशाने गेले? अडतिसाव्या वर्षी, बसल्या जागी. निघालं एचसीएम, म्हणजे जन्मजात जीनमुळे स्नायू जाड होणं. दुसरं कारण नसताना १५ मिमी किंवा जास्त भिंत असली की हा संशय घ्यायचाच असतो, आणि हा आजार साधारण ५०० त एकाला असतो, त्यामुळे अगदीच दुर्मिळ म्हणवत नाही. मग चुलत भावंडांचेही ईसीजी-इको झाले.

अमायलॉइडचंही तसंच, यात एक चुकीचं प्रोटीन हृदयाच्या भिंतीत साचत जातं. इकोत भिंत जाड पण ईसीजीच्या रेघांची उंची कमी, आणि काही वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनलचं (तिथे नस दबते त्याचं) ऑपरेशन झालेलं, हे तीन धागे जोडायला असे पेशंट आधी पाहिलेला माणूस लागतो. त्यातला एक प्रकार रक्ताशी संबंधित असतो, तिथे उशीर महागात पडतो. लहानपणी हृदयाला भोक वगैरे असून ऑपरेशन झालेल्यांनी तर "तेव्हाच बरं झालं" म्हणून गप्प बसूच नये, काही ऑपरेशननंतर वीस-तीस वर्षांनी व्हॉल्व्ह गळायला लागतो, गरोदरपणाआधी तर नक्की दाखवावं.

सेंटरचे तोटेही आहेत हं. वेटिंग, दर वेळी नवा ज्युनियर, तीच हिस्टरी पुन्हा पहिल्यापासून, आणि शुगर-बीपीकडे कोणाचं लक्षच नाही. एक फायदा मात्र मोठा, एचसीएममध्ये जाड भाग कापायची सर्जरी लागलीच तर ती वरचेवर करणाऱ्या टीमकडेच करावी, वर्षाला किती करता हे सरळ विचारा, त्यात लाजायचं काय.

मी काय करेन? निदान आणि प्लॅन सेंटरकडून लेखी घेईन, रोजचं जवळच्या डॉक्टरकडे. सेकंड ओपिनियन म्हटल्यावर जवळचा डॉक्टर चिडला तर दुसरा जवळचा शोधेन. आणि सेंटरला जाताना नुसता इकोचा कागद नाही, सीडी पण न्या, ते मोजमाप स्वतः परत करतात.